कपिला चालत गेली

मी निघाले त्या दिवशी देवळात बैठक होती. मुंबईची बस दुपारी तीनला नाक्यावर येते आणि बैठकही तीनचीच, त्यामुळे बाबा मला सोडायला येतील की नाही, हे आईला शेवटपर्यंत कळत नव्हतं. गावावरच्या सड्यावर, त्या कातळाच्या मोकळ्या माळावर, कंपनी येणार हे ठरलं होतं की ठरायचं होतं, तेव्हा कुणालाच धड ठाऊक नव्हतं. पण मोजणीची माणसं येऊन गेली होती आणि बाबा, गावचे पोस्टमन, विरोध करणाऱ्यांत होते. बस आली तेव्हा ते देवळाच्या पायऱ्या उतरून जवळजवळ धावत आले, माझी बॅग वर चढवली, "पोचलीस की कळव," म्हणाले आणि परत बैठकीला गेले. आई खिडकीखाली उभी राहिली. "वेळेवर जेव. आणि कुणाच्या अध्येमध्ये पडू नको," हे ती तीनदा म्हणाली.

बस वळल्यावर मला पहिल्यांदा नीट जाणवलं, की जी कंपनी सड्यावर नको म्हणून बाबा भांडत होते, तसल्याच एका कंपनीत, याच समुद्राच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, मी नोकरीला चालले होते. यावर घरात कुणी काही बोललं नव्हतं. आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही.

गावच्या मंडळाच्या अंकासाठी ओमानच्या आठवणी लिही, असा निरोप आला तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठीत एवढं लांब मी कधी लिहिलेलं नाही, आणि स्वतःबद्दल तर कुठल्याच भाषेत नाही. पण तुमच्यापैकी बहुतेकांच्या मोबाईलमध्ये माझी एक आठवण आधीच आहे. चाळीस सेकंदांचा तो व्हिडिओ: पांढरा ॲप्रन घातलेला एक वयस्क माणूस पुढे चालतो आहे, त्याच्या मागून एक हरणी आणि तिचं पाडस, आणि त्यांच्या मागे क्रेन. "बघा, तिकडे कंपनी पण आहे आणि हरणं पण," असं खाली लिहून तो गावभर फिरला. तो मी काढला होता. त्यानंतर काय झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सड्याच्या संमतीपत्रांवर अजून सह्या व्हायच्या आहेत आणि तो व्हिडिओ अजून दाखवला जातो, म्हणून लिहिते आहे.

पहिले दोन महिने मी मस्कतमध्येच होते, अझैबातल्या ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी मत्रहच्या बाजारात फिरायचं, संध्याकाळी घरी फोन करायचा. मग मला साइटवर पाठवलं. मस्कतपासून दक्षिणेला दिवसभराचा रस्ता, दुकमच्या बाजूला. तिथला किनारा पाहून मला आधी भीतीच वाटली. झाड नाही, माड नाही, खडीसारखी सपाट जमीन थेट समुद्रात उतरते. भरती ओसरली की चिखलावर रोहित पक्षी उभे असतात, हजारोंनी, आणि त्यांच्या पलीकडे जेटी बांधण्याची यंत्रं. तुमच्याकडे जून-जुलैत पाऊस पाडणारा वारा या किनाऱ्यावरूनच जातो, पण इथे तो फक्त धुकं ठेवतो. सकाळी पोर्टाकॅबिनचं दार उघडलं की समोर काही नसायचं, नुसतं पांढरं. अंगाला गारवा आणि ओठांवर मीठ. डोळे मिटले तर गावच वाटायचं.

माझं काम प्राणी मोजायचं. प्रकल्पाच्या परवानगीत तशी अट होती. रोज पहाटे ठरलेल्या वाटेने गाडी हळू चालवायची आणि दिसेल ते रजिस्टरात लिहायचं: कोणता प्राणी, किती, किती अंतरावर, आणि आपल्याला पाहून त्याने काय केलं. या शेवटच्या रकान्यात तीनच शब्द चालत. पळाला, थांबला, जवळ आला. "जवळ आला" असं लिहायची वेळ आली, तर त्याच दिवशी साहेबांना कळवायचं. मग सरकारी वनरक्षक येऊन त्या जनावराला हुसकावून लांब नेणार.

गाडी सालिम चालवायचा. साठीकडे झुकलेला बदू, म्हणजे वाळवंटातला उंट पाळणारा, कंपनीने तिथल्याच माणसांतून घेतलेला. तो जी हिंदी बोलायचा ती बोटींवरच्या आपल्या खलाशांकडून शिकलेला होता. मला तो "बिंत" म्हणायचा, म्हणजे मुली. त्याच्या उंटांची चरायची जागा आता आमच्या कुंपणाच्या आत आली होती. तिथून गाडी नेताना तो फक्त काच वर करायचा.

हरणं कशी जगतात हे मला त्याने दाखवलं. आपल्याकडच्या चिंकाऱ्याच्या जातीचंच ते हरीण, पण आणखी बारीक. एकदा धुक्यात त्याने गाडी बंद केली आणि बोट दाखवलं. काटेरी झुडपाच्या पानांवर धुक्याचे थेंब साचले होते आणि एक हरणी ती पानं एकेक करून चाटत होती. "ये पानी नहीं माँगता, बिंत. बस इतना चाटता है," सालिम म्हणाला. "आदमी से कुछ नहीं माँगता." मग तिने आम्हाला पाहिलं आणि ती नाहीशी झाली. मी लिहिलं, पळाली.

परब काका मेसमध्ये भेटले. कुडाळकडचे, अठरा वर्षं आखातात, भारतीय मेसचे मुख्य आचारी. मी रांगेत नेहमी शेवटी उभी राहायची. एकदा आईशी फोनवर बोलताना त्यांनी मला ऐकलं.

"मॅडम, तुमी खंयच्या?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"मगे तुका मॅडम कित्याक म्हणतंय मी? बाय तू."

आमच्या घरात माझ्या शाळेपायी मालवणी मागे पडली. पोरगी वर्गात अडखळेल म्हणून आई-बाबा माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि एकमेकांशी मालवणी. मी दाराबाहेर उभी राहून ऐकल्यासारखी ती भाषा ऐकली आहे. अख्ख्या आयुष्यात घरच्या माणसासारखं माझ्याशी सरळ मालवणीत बोलणारं पहिलं वडीलधारं माणूस मला त्या वाळवंटात मिळालं. पुढे जे झालं त्याला हे कारण पुरेसं नाही, हे मला कळतं. पण कारण हेच होतं.

काकांचा एक नेम होता. तव्यावरची पहिली चपाती गाईची. घरी तसं, मुंबईत हॉटेलात होते तेव्हा तसं, आखातात आल्यावरही तसंच. इथे गाय नाही म्हणून अठरा वर्षं ते पहिली चपाती बाजूला काढून ठेवत आणि शेवटी स्वतःच खात. मग एका सकाळी मेसच्या मागे, जिथे एसीचं पाणी गळून थोडं गवत उगवलं होतं, तिथे ती हरणी आली. काका चपाती घेऊन बाहेर गेले. ती पळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चपाती जमिनीवर ठेवली आणि ते आत आले. तीन आठवड्यांनी ती त्यांच्या हातातून खात होती. त्यांनी तिचं नाव ठेवलं कपिला. एक ड्रम आडवा कापून एसीच्या नळीखाली ठेवला, तिला पाणी हवं म्हणून.

"काका, तिला पाणी लागत नाही," मी सांगितलं. "ती धुक्यावर जगते."

"पाणी नको असा जनावर खंय असता काय?" ते हसले. आम्ही पावसाच्या मुलखातली माणसं. पाण्यावाचून जगता येतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण ड्रम पालथा करायला माझाही हात झाला नाही. त्यातून ती पाणी प्यायची. मान खाली घालून, डोळे मिटून.

मेसच्या दारावर पाटी होती, तीन भाषांत: जंगली जनावरांना खायला घालू नये, घातल्यास नोकरी जाईल. मी ती दाखवली. काका म्हणाले, "ती पाटी रानटी जनावरांक. हिका नाव आसा मां."

कँपमध्ये तिची मजा चालायची. वसईचा एक फिटर म्हणायचा, "काका, तुमची गाय सुकली की ओ. हाडं दिसायला लागली."

"तुमच्यासारखी रोज माझ्या हातचा खाता. सुकतली नाय तर काय?"

सगळे हसले. मीही हसले. त्या कँपमध्ये मी मोठ्याने हसले असेन ते तेवढंच.

मी रजिस्टरात काय लिहिलं, ते तुम्हाला सांगायला हवं. कपिलेच्या नावे रोज एक ओळ होती. हरीण, मादी, एक. अंतर मी मनाने टाकायची. शेवटच्या रकान्यात लिहायची, "थांबली." "जवळ आली" लिहिलं असतं तर चौकशी झाली असती आणि काकांना परत पाठवलं असतं. मला वाटे, मी कुणाच्या अध्येमध्ये पडत नाही.

हिवाळ्यात ती पाडसाला घेऊन आली. काकांनी पाडसासाठी चपातीचे बारीक तुकडे केले. त्याच सुमाराला कुंपण पुरं होत आलं. एकच मोकळी जागा राहिली होती आणि आठवड्याभरात तीही बंद होणार होती. मग ती दोघं आतच अडकली असती, आणि आत डंपरची सारखी ये-जा होती. सालिमला सगळं माहीत होतं. मी दाखवलं नव्हतं, पण त्याला पावलं वाचता येत.

"लिखो," तो म्हणाला.

"कल लिखूँगी."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि माझ्याकडे न पाहता पुढे बोलला, "नहीं लिखना तो पत्थर मारो. तुम, और वो खाना वाला बुढ्ढा. डर जाएगा, भाग जाएगा, जियेगा."

मी काकांना ते सांगितलं. ते बराच वेळ कणीक मळत राहिले. मग म्हणाले, "ज्या हातान घास दिलंय, त्याच हातान धोंडो मारू?" आणि मला त्यांचं पटलं. पर्यावरणशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलीला सालिमचं पटायला हवं होतं.

म्हणून आम्ही तिला आमच्या पद्धतीने बाहेर काढलं. सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी काका चपाती हातात धरून पुढे चालले. कपिला मागून, पाडस तिच्या मागून, संध्याकाळी गाय गोठ्याकडे जावी तशी. मोकळ्या जागेतून ते बाहेर गेले, काकांनी चपाती लांब ठेवली आणि ते परत आले. धुकं विरत होतं. मी मोबाईल काढला होता. ते सगळं इतकं सुंदर दिसत होतं, की हे कुणाला तरी दाखवावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मी तो व्हिडिओ बाबांना पाठवला. फक्त बाबांना. काकांनी मागितला म्हणून त्यांना दिला. बाबांच्या फोनवरून आईने तो मावशीला पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. काकांच्या फोनवरून तो कँपमध्ये फिरला. तिथून आणखी कुणाकडे गेला, ते मला कधीच कळलं नाही.

कुंपण बंद झालं. पहिले चार-पाच दिवस ती बाहेरून तारेजवळ येऊन उभी राहायची. मग आली नाही.

सालिमने मला त्या जागेवर नेलं. कुंपणापासून फार लांब नव्हती. जमिनीवर एका पिकअपच्या चाकांचे ठसे होते आणि रोटीचे दोन तुकडे, आमच्या मेसचे नव्हेत, बाजारातल्या खुब्जचे, अरबी रोटीचे. जिवंत हरणं पकडून विकणारी माणसं त्या भागात येतात, हे मला ठाऊक होतं. मी त्यावर टिपणही लिहिलेलं होतं. सालिम उकिडवा बसला. पिकअपकडे गेलेली कपिलेची पावलं त्याने मला बोटाने एकेक दाखवली. अंतर सारखं होतं. कुठे माती उडालेली नव्हती.

"दौड़ा नहीं," तो म्हणाला. "चलके गया."

पाडसाची पावलं चाकांच्या ठशांभोवती बराच वेळ फिरली होती. मग ती कुंपणाकडे आली आणि तारेच्या कडेकडेने, मेसच्या बाजूला तोंड करून, कितीतरी लांबपर्यंत गेली आणि परत आली, पुन्हा गेली. पुढे खडक लागला. तिथून काही कळलं नाही.

सालिमने वनरक्षकांना कळवलं. ते त्याने बरोबरच केलं. साहेबांनी मेसच्या सगळ्यांना बोलावलं. काकांना इंग्रजी येत नाही म्हणून मला दुभाषी म्हणून बसवलं. काकांनी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"चपाती रोज मीच घातलंय. पाणी पण मीच ठेवलंय." मी ते इंग्रजीत सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टेबलाकडे पाहिलं. "मॅडमक ह्यातला कायएक म्हायत नाय."

इतक्या महिन्यांनी पुन्हा मॅडम. साहेब माझ्याकडे पाहत थांबले होते. मी तेही वाक्य इंग्रजीत सांगितलं. मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याबद्दलचं खोटं मीच, माझ्या आवाजात, शाळेने शिकवलेल्या स्वच्छ उच्चारांत सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि माझे आभार मानले.

दोन दिवसांनी काका मस्कतच्या बसमध्ये बसले. नोकरी पुरी करून कायमचं गावी जायला त्यांना एकच वर्ष बाकी होतं. मी बसपाशी गेले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. "रडा नको. पिल्लू दिसला तर माका कळव गो."

त्यानंतर पंधरवड्याने बाबांचा फोन आला. बैठकीत तो व्हिडिओ दाखवला गेला होता. मोबाईल हातोहात फिरला. कुणीतरी म्हणालं, "पोस्टमन, ह्यो व्हिडिओ तुमच्याच चेडवान धाडल्यान ना?" बाबांना विरोधाचं बोलायचं होतं, प्राण्यांचं आणि सड्याचंच बोलायचं होतं. ते उभे होते ते बसले. "मी म्हटलं, तिने पाठवलाय म्हणजे खरंच असणार," ते मला फोनवर म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता. मग विचारलं, "ती हरणी बरी आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "बरी आहे."

त्यानंतर मी बदली मागून घेतली. आता सोहारच्या औद्योगिक वसाहतीत असते. एका कारखान्याच्या ऑफिसात बसून पर्यावरणाचे कागद तपासते. खिडकीतून दुसऱ्या कारखान्याची भिंत दिसते. राहायला चांगली खोली आहे, बाजार जवळ आहे, शुक्रवारी दोन मराठी कुटुंबं जेवायला बोलावतात. मी बोलत नाही, हे त्यांनी समजून घेतलं आहे. सालिम अजून तिकडेच आहे आणि कधी कधी फोन करतो. हरणांची मोजणी आता वाटेवर कमी भरते, असं म्हणतो. काकांचा फोन सणावारी येतो. सगळ्यांची खुशाली विचारून झाली की मग, "पिल्लू दिसला काय गो?" मी नाही म्हणते. त्यांच्याशी तरी मी खोटं बोललेले नाही.

कंपनी यावी की नको, हे मी सांगणार नाही. इथे तिने रस्ते केले, दवाखाना केला, आपल्याकडच्या शेकडो माणसांना काम दिलं, मलाही. मला एवढंच सांगायचं आहे, की त्या व्हिडिओतली हरणी सुखी नव्हती. तिची भीती गेली होती. ती भीती आम्हीच, प्रेमाने, रोज सकाळी एक चपाती देऊन घालवली. आणि हे लिहिणं माझ्या हाती असताना मी "थांबली" असं लिहीत राहिले. तो व्हिडिओ सड्यासाठी पुरावा म्हणून कुणी दाखवू नये.

इथपर्यंतचं सगळं मी परवा बाबांना फोनवर वाचून दाखवलं. फोन कट झाला का, असं मी दोनदा विचारलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. वाचून झाल्यावर विचारलं, "परबांकडे आपल्यातलं कुणी गेलं होतं का?"

"नाही."

"मी जाऊन येतो. पत्ता दे." मग म्हणाले, "अंक कधी निघायचा तेव्हा निघेल. रविवारी बैठक आहे. मी तिथे वाचतो."

"बाबा, लोक तुम्हालाच बोलतील. तुम्ही खरं म्हणून सांगितलं होतंत."

"म्हणून तर मीच वाचायला हवं."

इथे नवीन ओळख झाली की लोक विचारतात, घर कुठे? मी गावाचं नाव सांगते आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून विषय बदलते. पूर्वी घर म्हटलं की मला सड्यावरचं गवत आठवायचं, घराच्या मागच्या दारातून दिसणारी खाडी आठवायची. आता ते आठवत नाही. आता आठवते ती देवळातली बैठक, जिथे मी नसताना माझ्या शब्दावर एक माणूस खाली बसला. मी पाठवलेल्या चाळीस सेकंदांवर माणसं जिथे आपली जमीन द्यायची की नाही ते ठरवतात, ते माझं घर. दुसऱ्या कुठल्याही गावात मला गप्प राहता येतं. तिथे येत नाही.

बाबांचा चष्म्याचा नंबर वाढलाय आणि मोबाईलवरचं त्यांना वाचवत नाही. म्हणून हे मी कागदावर हाताने लिहून काढलं आहे, मोठ्या अक्षरांत, ओळी सुट्या सुट्या ठेवून. उद्या सकाळी इथून गावाकडचं एक माणूस निघतं आहे, त्याच्या हाती देईन.